कवच आणि सांगाडा : प्राण्यांच्या कठीण अंगांच्या मराठी नावांचा ऐतिहासिक विचार

१

पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यात, रायरेश्वर व केंजळगड यांच्याकडे जाणाऱ्या वाटेवर आंबवडे हे गाव आहे. नागेश्वराचे देवालय आणि कान्होजी जेधे व शंकराजी नारायण सचिव यांच्या समाध्या यांमुळे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हे नाव परिचित आहे. प्रस्तुत विवेचनाचा संबंध मात्र तेथील राजकीय इतिहासाशी नसून तेथील पावसाळ्याशी आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात मृगाचा पाऊस पडून ओढे वाहू लागले, भाताची खाचरे भरली, म्हणजे खेकडे बिळांबाहेर येतात, ओल्या बांधांवर गोगलगायी दिसू लागतात आणि प्रवाहाच्या उलट दिशेने मासे चढतात. या दिवसांत लावणी करणाऱ्या माणसांच्या पाठीवर पूर्वी इरले असे. बांबूच्या कामट्या व पाने यांचे हे आच्छादन घालून खाचरात वाकलेला माणूस दुरून कासवासारखा दिसावा, यात नवल नाही.

या प्रदेशातील कोणत्याही स्वयंपाकघरात प्राण्यांचा एक भेद शिकविल्यावाचून कळतो. खेकडा फोडून खावा लागतो. मासा खाताना काटे काढावे लागतात. कोंबडीची हाडे बाजूला ठेवावी लागतात. पहिल्याचे कठीण अंग बाहेर व मऊ अंग आत. दुसऱ्यांचे मऊ अंग बाहेर व कठीण अंग आत. प्राणिशास्त्रात हाच भेद बाह्यकंकाल व अंतःकंकाल या दोन संज्ञांनी सांगितला जातो. कीटक, विंचू, गोम, खेकडा, कोळंबी हे बाह्यकंकालाचे प्राणी. मासे, बेडूक, साप, पक्षी व सस्तन प्राणी हे अंतःकंकालाचे. शंख, शिंपले व गोगलगायी यांची कवचेही बाह्यकंकालातच मोडतात. गांडूळ व जळू यांना दोहोंपैकी काहीच नसते. शरीरातील द्रवाच्या दाबावर त्यांचा आकार टिकतो.

भेद जुना, अनुभवातला व स्वच्छ आहे. परंतु तो सांगण्यासाठी मराठीत जी नावे आली त्यांचा इतिहास मात्र तितका सरळ नाही. खेकड्याचे कवच आणि माणसाची हाडे या दोन वस्तूंस एकच नाम देऊन त्यांतील फरक केवळ 'बाह्य' व 'अंतः' या पूर्वपदांवर सोपविणे हा विचार केव्हा, कोठे व कोणत्या वादातून निर्माण झाला, आणि मराठीच्या स्वतःच्या शब्दांनी त्याच वस्तूंची वाटणी कशी केली होती, हे पाहणे भाषेच्या व विज्ञानाच्या अशा दोन्ही अभ्यासकांस उपयोगाचे आहे.

२

हाडे ही शरीराच्या आत राहून त्यास उभे ठेवणारी वस्तू होय, ही कल्पना भारतीय वाङ्मयात फार प्राचीन आहे. बृहदारण्यक उपनिषदात पुरुष व वृक्ष यांची अंगे एकमेकांशी ताडून पाहिली आहेत. केसांच्या जागी पाने, त्वचेच्या जागी साल, हाडांच्या जागी आतील लाकूड आणि मज्जेच्या जागी लाकडाचा गाभा अशी ती तुलना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हीच तुलना अधिक नेमकी झालेली दिसते. वृक्ष जसे आपल्या आतील साराच्या बळावर उभे राहतात, तसे देह अस्थिरूपी साराने धारण केले जातात. त्वचा व मांस नष्ट झाले तरी अस्थी नष्ट होत नाहीत, असे सुश्रुताचे प्रतिपादन आहे. आत असणे, आधार देणे आणि टिकून राहणे हे अस्थीचे तीन धर्म येथे एकत्र सांगितले गेले. अंतःकंकालाची याहून नेटकी व्याख्या आजच्या पाठ्यपुस्तकांतही क्वचितच मिळेल.

तथापि अस्थींची गणना करू लागताच मतभेद उत्पन्न झाला. चरकसंहितेत अस्थींची संख्या ३६० दिली आहे. सुश्रुत ३६० ही संख्या वेदवादींची म्हणून नमूद करतो व शल्यतंत्राच्या मते ती ३०० असल्याचे सांगतो : हातपायांत १२०, मध्यशरीरात ११७ आणि मानेच्या वर ६३. प्रौढ माणसाच्या शरीरात आज २०६ हाडे मोजली जातात. ए. एफ. आर. हर्न्ले यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अस्थिविज्ञानावरील ग्रंथात या दोन्ही गणनांची बारकाईने छाननी केली आहे. चरकाच्या ३६० मध्ये ३२ दात, दातांची ३२ उखळे आणि २० नखे यांचा समावेश आहे. नखे ही त्वचेपासून निर्माण होतात व शरीराच्या पृष्ठभागावर असतात. म्हणजे जे कठीण ते अस्थी, मग ते आत असो वा बाहेर, अशी चरकाची कसोटी दिसते. सुश्रुताने नखे वगळली. शस्त्र चालविणाऱ्याच्या दृष्टीने आतील आधार आणि बाहेरील कठीण टोक या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

सुश्रुताने अस्थींचे पाच प्रकार केले : कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक. रुचक म्हणजे दात, वलय म्हणजे वळलेली हाडे, नलक म्हणजे नळीसारखी लांब हाडे. तरुण म्हणजे नाक, कान इत्यादी ठिकाणची मऊ हाडे. मराठीत आजही त्यांस कूर्चा किंवा तरुणास्थी म्हणतात. कपाल म्हणजे पसरट, झाकणासारखी हाडे. यांपैकी कपाल हा शब्द पुढील विवेचनात पुन्हा येणार असल्यामुळे त्याचे इतर अर्थ येथेच नोंदविणे इष्ट होईल. संस्कृतात कपाल म्हणजे खापर, कपाल म्हणजे अंड्याचे टरफल आणि कपाल म्हणजे कासवाच्या पाठीचे वा पोटाचे कवचही. शतपथ ब्राह्मणात कूर्माचे खालचे कपाल म्हणजे पृथ्वी व वरचे कपाल म्हणजे द्युलोक असे रूपक आहे. माणसाच्या डोक्याचे हाड आणि कासवाची ढाल यांना एकाच शब्दाने ओळखणारी ही भाषा आहे.

३

प्राण्यांचे वर्ग करताना मात्र हा आतबाहेरचा भेद भारतीय ग्रंथांत प्रमाण मानलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मांसाचे गुण सांगण्यासाठी प्राण्यांचे गट दिले आहेत. पाणथळ प्रदेशातील प्राण्यांमध्ये कोशस्थ व पादिन असे दोन गट येतात. कोशस्थ गटात शंख, शंखनख, शुक्ती, शंबूक इत्यादी प्राणी आहेत. कोशात राहणारे ते कोशस्थ. पादिन गटात कूर्म, कुंभीर म्हणजे मगर, कर्कटक म्हणजे खेकडा आणि शिशुमार हे एकत्र ठेवले आहेत. आधुनिक दृष्टीने मगर व कासव हे पाठीचा कणा असलेले प्राणी, तर खेकडा संधिपाद. परंतु वैद्याला त्यांचे वसतिस्थान, चालण्याची रीत व मांसाचा गुण यांच्याशी कर्तव्य होते. चरकसंहितेतही पाण्यात राहणाऱ्या गटात कासव, खेकडा, मासे, शिंपला व शंख हे शेजारी शेजारी येतात.

अमरकोशाची मांडणी अशीच आहे. वारिवर्गात मासे, खेकडा, कासव, शिंप, शंख व बेडूक एकामागून एक येतात. विंचू व कोळी यांची नावे सिंहादिवर्गात आहेत. कोशकाराने प्राणी शोधला तो त्याच्या घरी. जैन परंपरेने तिसराच निकष धरला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या संख्येने जीवांचा क्रम लावला आहे. कृमीला दोन, मुंगीला तीन, भ्रमराला चार व मनुष्याला पाच इंद्रिये. शंख व शिंप यांची गणना ही परंपरा द्वींद्रिय जीवांत करते. जीवाला किती कळते हा येथे प्रश्न आहे, त्याचे कठीण अंग कोठे आहे हा नाही.

या वर्गीकरणांना आजच्या शास्त्राच्या मापाने चूक ठरविणे अनैतिहासिक होईल. प्रत्येकाचे प्रयोजन निराळे होते व त्या प्रयोजनापुरते ते सुसंगत होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, अस्थी म्हणजे आतील सार ही कल्पना हाताशी असताना, शंखाच्या कोशास किंवा खेकड्याच्या पाठीस तिच्या जोडीस बसवावे असे या ग्रंथकारांस वाटले नाही. आतील वस्तूस त्यांनी सार म्हटले, बाहेरील वस्तूस कोश किंवा कपाल.

४

मराठीने हा वारसा आपल्या परीने चालविला व त्यात स्वतःची भर घातली. हाडांच्या समुच्चयाला मराठीत मुख्यतः दोन शब्द आहेत : सांगाडा व सापळा. दोन्ही शब्द मुळात शरीराचे नाहीत.

सांगाडा हा शब्द सांगड या शब्दाचा सख्खा आहे. ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात सांगड शब्दाचा विचार करताना इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथाचा दाखला दिला आहे. दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर ओंडक्यांच्या होड्या एकमेकींस जोडून केलेल्या नौकांस त्या ग्रंथात 'संगर' असे नाव आहे. राल्फ टर्नर यांच्या १९६६ साली पूर्ण झालेल्या तौलनिक कोशात हे सर्व शब्द संस्कृत संघाट या शब्दाखाली दिले आहेत. संघाट म्हणजे लाकडे एकमेकांत बसवून जोडणे. मराठी सांगड म्हणजे दोन होड्यांची जोडणी, आणि सांगाडा म्हणजे इमारतीची लाकडी जुळणी. शरीराच्या हाडांस सांगाडा म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे सुताराचे काम होते. भोर व वेल्हे या मावळी भागांतील जुन्या घराची रचना पाहिली म्हणजे या शब्दाची समर्पकता ध्यानी येते. खांब, तुळया व वासे यांची जुळणी प्रथम उभी राहते, छपराचा भार ती घेते, आणि भिंत किंवा कूड तिच्यामध्ये मागाहून भरला जातो. कूड पडला तरी घर उभे राहते. खांब गेला तर राहत नाही. सुश्रुताचा वृक्ष येथे घर झाला आहे. आधार व सांधा या दोन्ही कल्पना सांगाडा या शब्दात आहेत.

सापळा या शब्दातील कल्पना याच्या उलट आहे. सापळा म्हणजे उंदीर वा वाघ धरण्याचे साधन. हाडांचा सापळा म्हणजे मांस झडून गेल्यावर उरलेली पोकळ चौकट. संस्कृत अस्थिपंजर या शब्दातही पंजर म्हणजे पिंजराच आहे. सांगाडा हा आतून धरतो, सापळा बाहेरून कोंडतो. एकाच हाडांकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही खऱ्या आहेत. मांडीचे हाड स्नायूंच्या आत असते. पण हृदय व फुप्फुसे बरगड्यांच्या आत असतात. अंतःकंकाल असलेल्या प्राण्यातही काही हाडे बाहेरून कोंडणारीच आहेत, ही गोष्ट मराठीने शब्दात साठवून ठेवली.

कपाल या शब्दाची मराठीतील स्थिती अशीच बोधप्रद आहे. त्याचे कपाळ झाले व त्यास दैवाचा अर्थ चिकटला. डोक्याच्या हाडास मराठीत कवटी हा शब्द रूढ आहे, आणि तोच शब्द नारळाच्या व अंड्याच्या कठीण आवरणासही लावला जातो. फोडावी लागते ती कवटी, मग ती कोणाचीही असो.

बाहेरच्या कठीण अंगासाठी कवच, शिंपला, टरफल, पाठ, ढाल असे शब्द प्रसंगानुसार येतात. त्यांत कवच हा प्रमुख होय व तो मुळात योद्ध्याचा शब्द आहे. कवच अंगावर चढविले जाते, उतरविलेही जाते. ते शरीराचे रक्षण करते, शरीराला उभे करीत नाही. मावळातील इरले हे पावसाविरुद्धचे कवचच होते. या शब्दाने बाहेरच्या अंगाचे एक कार्य उत्तम सांगितले, परंतु दुसरे झाकले गेले. खेकड्याचे कवच त्याचे रक्षण करतेच. त्याशिवाय त्याचे सर्व स्नायू त्या कवचाच्या आतील बाजूस चिकटलेले असतात व त्या आधारावर त्याची नांगी मिटते. माणसाचा स्नायू हाडाच्या बाहेरून ओढतो, खेकड्याचा नळीच्या आतून. खेकड्याचे कवच हे एकाच वेळी इरलेही आहे आणि घराचा खांबही. या दुहेरी वस्तूस मराठीत स्वतःचा शब्द नव्हता.

निरीक्षण मात्र होते. सापाने कात टाकणे हा वाक्प्रचार सर्वपरिचित आहे. साप जी टाकतो ती त्वचेची वरची पापुद्र्यासारखी थर. त्याचा कणा व बरगड्या जागच्या जागी राहतात. खेकडाही वाढताना आपले आवरण टाकतो, पण तो टाकतो ते सबंध बाह्यकंकाल, आणि नवे आवरण टणक होईपर्यंत तो मऊ व असहाय असतो. या काळात तो पाणी शोषून फुगतो व त्याच्या अंगात मांस कमी असते. अमावास्येला चिंबोरी भरलेली व पौर्णिमेला पोकळ मिळते, असा कोकणातील समज आहे. चंद्राचा भाग बाजूस ठेवला तरी, बाहेरून सारखाच दिसणारा खेकडा आतून कधी भरलेला व कधी रिकामा असतो, हे त्यात अचूक टिपलेले आहे. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसास उद्देशून असली, तरी तिचा शब्दार्थ प्राणिशास्त्रातील उदरपाद या वर्गनामाशी तंतोतंत जुळतो. माशाच्या हाडास हाड न म्हणता काटा म्हणणे हेही असेच. ॲरिस्टॉटलच्या ग्रीक भाषेतही माशाच्या हाडास काटा या अर्थाचाच वेगळा शब्द होता. दोन दूरच्या भाषांतील माणसांनी ताटावर एकच गोष्ट पाहिली.

५

ॲरिस्टॉटलचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. कठीण अंग आत की बाहेर हा निकष वर्गीकरणास लावण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने प्राण्यांचे रक्तयुक्त व रक्तहीन असे दोन मोठे भाग केले आणि रक्तहीनांतील पोटभेद करताना हा निकष वापरला. खेकडा, शेवंड इत्यादींचे कठीण अंग बाहेर व मऊ अंग आत. माकूळ वर्गातील प्राण्यांचे मऊ अंग बाहेर व कठीण अंग आत, असे त्याने नोंदविले. मात्र या कठीण अंगांस त्याने हाड म्हटले नाही. हाडाच्या स्थानी असलेली, हाडाशी तुल्य अशी ती अंगे होत, अशी सावध भाषा त्याने वापरली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात लामार्क यांनी रक्ताऐवजी पाठीच्या कण्याचा निकष धरला आणि पृष्ठवंशी व अपृष्ठवंशी हा भेद रूढ केला. त्यांचा अपृष्ठवंशी प्राण्यांवरील ग्रंथ १८०१ साली प्रसिद्ध झाला. १८१२ साली क्यूव्हिए यांनी प्राणिसृष्टीचे चार स्वतंत्र विभाग पाडले व त्यांच्या रचनांत परस्परसंबंध नाही असा आग्रह धरला. त्यांचे सहकारी जॉफ्र्वा सँतिलेर यांना हे मान्य नव्हते. सर्व प्राण्यांची रचना एकाच आराखड्यावर झाली आहे, या श्रद्धेने त्यांनी १८२० नंतर असा सिद्धांत मांडला की, कीटक व खेकडे यांच्या अंगावरील कडी म्हणजे मणकेच होत. आपण मणक्यांच्या बाहेर राहतो, कीटक मणक्यांच्या आत राहतो. १८३० साली या दोघांचा जाहीर वाद झाला व तत्कालीन विद्वानांच्या मते क्यूव्हिए यांची सरशी झाली. मणके व कीटकाची कडी यांचे ते समीकरण शास्त्राने पुढे स्वीकारले नाही.

परंतु सिद्धांत गेला तरी भाषेत त्याची छाया राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या लेखनातून कंकालाचे बाह्य व आंतर असे प्रकार रूढ झाले. ज्या ग्रीक शब्दापासून हे नाव बनले त्याचा मूळ अर्थ वाळलेला, सुकून गेलेला देह असा आहे. प्रेताच्या हाडांचे नाव जिवंत खेकड्याच्या पाठीला मिळाले. बाह्य व आंतर या पूर्वपदांनी स्थान सांगितले. वस्तू एकच आहे ही समजूत मात्र नामातून नकळत पसरली.

६

मराठीत ही संज्ञा आली ती विसाव्या शतकातील परिभाषेच्या कार्यातून. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय अस्तित्वात आले. केंद्र शासनाचा वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषा आयोग १९६१ साली स्थापन झाला. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. या सर्व कार्यात संस्कृत शब्दांना प्राधान्य मिळाले, व त्याचे कारणही सबळ होते. संस्कृत शब्दास उपसर्ग व प्रत्यय सहज लागतात आणि तो इतर भारतीय भाषांतही चालतो. कंकाल हा शब्द त्या दृष्टीने सोयीचा. त्यापासून बाह्यकंकाल, अंतःकंकाल, कंकालतंत्र अशी मालिका सुलभतेने बनते. सांगाडा या शब्दापासून ती तितक्या सुबकपणे बनत नाही.

सोय झाली, पण काही गोष्टी सुटल्या. कंकाल हा संस्कृतातही मृत देहाचाच शब्द आहे. सांगाड्यात जोडणी होती, आधार होता, घर होते. कंकालात त्यांपैकी काही नाही. शिवाय मराठी विद्यार्थ्याच्या मनात कंकाल म्हणजे हाडे हा अर्थ पक्का असल्यामुळे बाह्यकंकाल म्हणजे बाहेर आलेली हाडे असा त्याचा ग्रह होतो. वस्तुस्थिती अशी की, खेकड्याच्या अंगात हाड मुळीच नाही. त्याचे आवरण कायटिन व प्रथिने यांचे असून त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते; हाडात कोलॅजेन हे प्रथिन व कॅल्शियम फॉस्फेट असते. हाड ही जिवंत ऊती आहे. तीत पेशी व रक्तवाहिन्या असतात, ती मोडली तर सांधते व शरीराबरोबर वाढते. खेकड्याचे आवरण हे त्याच्या त्वचेने बाहेर टाकलेला स्राव असून ते शरीराबरोबर वाढत नाही. म्हणूनच ते टाकावे लागते. शंखाचे कवच यापेक्षाही वेगळे. ते कडेने वाढविले जाते, टाकले जात नाही. एकाच बाह्यकंकाल या संज्ञेखाली टाकले जाणारे आणि कडेने वाढणारे अशी दोन कवचे येतात, हे तिच्यावरून कळत नाही.

७

कोणत्याही वर्गीकरणाची परीक्षा त्याच्या सीमेवरील उदाहरणांत होते. येथे अशी पाच उदाहरणे घेता येतील.

पहिले कासव. त्याचे कवच बाहेर दिसते, म्हणून ते बाह्यकंकालाचा प्राणी असावे असे वाटते. प्रत्यक्षात पाठीच्या ढालीत त्याच्या बरगड्या व मणके एकजीव झालेले असतात. वरचे खवले तेवढे शृंगद्रव्याचे. इतर प्राण्यांत खांद्याची हाडे बरगड्यांच्या बाहेर असतात, कासवात ती आत आली आहेत. चीनमध्ये सापडलेल्या व २००८ साली वर्णिलेल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका जीवाश्म कासवाला पोटाची ढाल पूर्ण होती, पाठीची नव्हती. कासवाने कवच वरून पांघरले नाही, त्याचा सांगाडाच कवच झाला. म्हणूनच कासव कवच सोडून जाऊ शकत नाही.

दुसरे खवले मांजर. सह्याद्रीतील या प्राण्याचे खवले कठीण असले तरी ते केसांप्रमाणे व नखांप्रमाणे केराटिनचे असतात आणि त्याची हाडे आत असतात. लोकभाषेने त्यास मांजर म्हटले, मासा किंवा साप म्हटले नाही. आवरण पाहूनही ती आवरणाला भुलली नाही.

तिसरे समुद्रफेन. औषधी द्रव्य म्हणून विकली जाणारी ही पांढरी, हलकी वस्तू म्हणजे माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या शरीरातील कवच होय. त्याच्या पूर्वजांचे कवच बाहेर होते, ते कालांतराने आत गेले. समुद्रावर तरंगत आलेली वस्तू म्हणून त्यास फेन असे नाव पडले; प्राण्याशी तिचा संबंध नावातून पुसला गेला.

चौथे सागरी साळिंदर, म्हणजे काट्यांनी वेढलेला गोल सागरी प्राणी. त्याचे कवच बाहेरचे वाटते, परंतु त्यावर जिवंत त्वचेचा पातळ थर असतो. शास्त्रदृष्ट्या ते अंतःकंकालच होय.

पाचवे उदाहरण माणसाचे स्वतःचे. हातापायांची लांब हाडे गर्भावस्थेत प्रथम कूर्चेची असतात व नंतर त्यांचे हाड बनते. डोक्याच्या कवटीचे छत मात्र कूर्चेवाचून, त्वचेखालील पटलातच थेट तयार होते. चाळीस कोटी वर्षांहून पूर्वीच्या जबडाहीन माशांच्या अंगावर हाडांच्या तक्त्यांचे चिलखत होते. कवटीचे छत हा त्या चिलखताचा वारसा मानला जातो. अंतःकंकालाचा नमुना म्हणून ज्या देहाकडे बोट दाखविले जाते, त्याच्या मस्तकावर एका प्राचीन बाह्यकंकालाचा अवशेष आहे. डोक्याचे हाड, कासवाची ढाल व अंड्याचे टरफल यांना कपाल हा एकच शब्द लावणाऱ्यांना ही उत्पत्ती ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी आकार व कार्य पाहिले. परंतु पाहिले ते नीट पाहिले.

८

यावरून बाह्यकंकाल व अंतःकंकाल या संज्ञा टाकून द्याव्यात असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. त्या रूढ झाल्या आहेत, शेजारच्या भाषांशी जोडणाऱ्या आहेत व परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपासून संशोधनपत्रिकेपर्यंत सर्वत्र वापरल्या जातात. आक्षेप घ्यावयाचा तो संज्ञेवर नसून, संज्ञा मिळाली म्हणजे भेद समजला या समजुतीवर आहे. 'खेकड्यास बाह्यकंकाल असते' हे वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास खेकडा का मऊ पडतो, कासव का मऊ पडत नाही आणि सापाची कात व खेकड्याची कात यांत काय फरक आहे, हे सांगता येईलच असे नाही.

या ठिकाणी मराठीचे जुने शब्द उपयोगी पडतात. सांगाडा हा शब्द आधाराविषयी बोलतो आणि कवच हा आच्छादनाविषयी. प्रत्येक प्राण्याविषयी हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारता येतात : याला उभे कोण ठेवते? याला झाकते कोण? माणसाच्या बाबतीत दोन प्रश्नांची दोन उत्तरे येतात, हाड व कातडी. खेकड्याच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येते, व त्याचे सर्व वैशिष्ट्य तेथेच आहे. कासवाच्या बाबतीत सांगाडाच आच्छादनाचे काम करतो. खवले मांजरात दोन्ही वस्तू पुन्हा वेगळ्या होतात. 'आत' आणि 'बाहेर' या केवळ स्थानवाचक शब्दांनी जे उलगडत नाही, ते 'आधार' व 'आच्छादन' या कार्यवाचक शब्दांनी उलगडते. आजवर वर्णिलेल्या प्राणिजातींपैकी सुमारे चार पंचमांश जाती संधिपादांच्या आहेत. त्यांच्या देहरचनेचे मर्म या एका जोडप्रश्नात आहे, हे लक्षात घेता त्याचे मोल कमी नाही.

परिभाषेच्या इतिहासात नव्या शब्दाचे आगमन नोंदविले जाते; त्यामुळे कोणता जुना विचार बाजूस पडला, याची नोंद सहसा होत नाही. आंबवड्याच्या ओढ्यात दगड उचलून खेकडा धरणाऱ्या मुलास कंकाल हा शब्द ठाऊक नसतो. पण बोटांत धरलेला हा प्राणी बाहेरून टणक व आतून मऊ आहे, आणि दगडाखाली कधी कधी त्याच आकाराची एक रिकामी, हलकी वस्तू सापडते, हे त्यास ठाऊक असते. शाळेत आल्यावर त्या ज्ञानास जी संज्ञा मिळेल, तिने ते पुसून न टाकता पुढे न्यावे, एवढीच अपेक्षा परिभाषाकाराकडून करावयाची आहे.